कमी शिकलेली बाई पाहिजे

कॉलेजात नोकरी केली की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. माळावरून चालत आलं की लुगड्याला कुसळं चिकटतात, तसे ते आपले आपण चिकटतात. घरी येऊन एकेक उपटायला बसावं, तर दहा काढली तरी अकरावं पोटरीला टोचतंच! मी केडगावच्या बाजूच्या एका कॉलेजात लायब्ररीची शिपाई होते. पुस्तकं पुसायची, लावायची, पोरांना काढून द्यायची. पुसता पुसता मी ती वाचली. सगळी नाही, पण प्राध्यापकांनी वाचली त्याहून नक्कीच जास्त! ही बढाई नाही. कुणी कुठलं पुस्तक नेलं ते रजिस्टरला मीच लिहायचे, तेव्हा मला विचारा.

आणखी एक आधीच सांगून टाकते. मी हेवेखोर बाई आहे. लोक म्हणतात, "मावशी, तुम्ही अपंग पोरांसाठी किती केलंत!" केलं, खरंय. पण मनात हेवा ठेवून केलं. वडगाव रासाईच्या शाळेत मी चौथीला पहिली आले आणि पुढच्याच महिन्यात माझं दप्तर धाकट्या भावाच्या गळ्यात गेलं. त्या दिवसापासून ज्याच्या हातात पुस्तक दिसेल त्याचा मला हेवा वाटत आलाय. जिला डोळ्यांनी दिसत नाही त्या पोरीचासुद्धा वाटला. ऐका.

*

ती पोरगी म्हणजे सुनंदा. मांडवगण फराट्याची, जन्मापासून दिसत नव्हतं. बारावीपर्यंत पुण्यात अंधांच्या शाळेत राहून शिकली आणि बी.ए.ला आमच्याकडं आली. ॲडमिशनला थोरला भाऊ बरोबर होता. घरचा कारभार त्याच्याकडं. त्यानं ऑफिसात सगळ्यांदेखत बजावलं, "तीन वर्सं देतो. एका इषयात जरी गचकली, तरी त्याच दिवशी घरी. मग शिक्षणाचं नाव काढायचं न्हाई."

"चालंल दादा," सुनंदा म्हणाली. जणू बाजारातनं कोथिंबीर आणायला सांगितलीय!

परीक्षा आली. अंध विद्यार्थ्याला पेपर लिहायला लेखनिक मिळतो, त्याला सगळे रायटर म्हणायचे. नियम असा, की रायटर परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे. नाहीतर तो स्वतःच्या डोक्यातलं लिहायचा! अकरावी-बारावीची पोरं विचारून झाली. कुणाला मामाच्या गावाला जायचं होतं, कुणाची आई नको म्हणाली. पेपर परवावर आला. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळं कॉलेज भाऊसाहेब म्हणायचं, ते लायब्ररीत येऊन डोकं धरून बसले.

"कमी शिकलेलं माणूस आणू कुठून? जो तो ग्रॅज्युएट!"

"मी लिहिते," मी म्हणाले.

"मावशी, तुम्ही? शिक्षण किती तुमचं?"

"चौथी पास."

भाऊसाहेब विचारात पडले. "इतकं कमी चालतं का बघायला पाहिजे."

"बघा की! या कॉलेजात माझ्यापेक्षा कमी शिकलेलं फक्त मांजर हाय. आन् त्याचं अक्षर चांगलं न्हाई!"

अर्ज भरला गेला. 'लेखनिकाची पात्रता' असा एक रकाना होता. त्यात भाऊसाहेबांनी लिहिलं, 'चौथी'. आयुष्यात पहिल्यांदा माझी चौथी कुठंतरी पात्रता म्हणून चालली!

*

पहिला पेपर इतिहासाचा. प्रश्न मी वाचायचा, उत्तर सुनंदानं सांगायचं, मी ते लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. बसून बघा एकदा! पोरीनं दुसऱ्याच प्रश्नाला भलतीच लढाई सांगितली. बरोबर कुठली ते मला माहीत होतं. माझं पेन हवेत अडकलं.

"लिहा ना मावशी."

"लिहिते की."

लिहिली. शब्दाला शब्द चुकीची लढाई, चांगल्या वळणदार अक्षरात. चौथीनंतर मला जन्मात कुणी पेपर दिला नाही, आणि जिला दिला ती माझ्यादेखत मार्क सांडतेय! जीव नुसता तळतळला. तेवढ्यात पोरगी म्हणाली, "खोडा ते," आणि बरोबर लढाई सांगितली.

बाहेर आल्यावर सुनंदा म्हणाली, "दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच खोडायला लावलं, ते बरं केलं ना?"

"बरं केलंस. पण चुकलंय हे तुला कळलं कसं?"

"तुमी नाकातनं फुस्स केलं की!"

मी हादरलेच. तोंड बंद ठेवलं होतं आणि नाक बोललं होतं. ही कॉपीच झाली! आणि मी काय तिला फुकटचे मार्क वाटायला बसले होते? मला एक मार्क कुणी दिला नाही, मी तिला कशाला देऊ? पुढच्या पेपरला नाकातोंडावरून पदर घट्ट गुंडाळून बसले.

सुपरवायझर जवळ आले. "मावशी, सर्दी झालीय का?"

"न्हाई सर. इमानदारी!"

*

दुसऱ्या वर्षी बापू आला. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, काखेत कुबड्या आणि तोंडात लवंगी मिरची. परीक्षेला पंधरवडा राहिला तेव्हा नंबर लागले. बापूचाही नंबर वरच्या मजल्यावर आणि सुनंदाचाही. आम्ही तिघं प्राचार्यांकडं गेलो.

सर म्हणाले, "दोघं जण उचलून नेतील की बापूला. त्यात काय एवढं?"

"सर, मी विद्यार्थी हाय," बापू म्हणाला. "गव्हाचं पोतं न्हाई."

सरांना राग आला. "खाली खोली द्यायची असा नियम कुठंय? दाखवा मला."

अपंगांचा कायदा तेव्हा नुकताच झाला होता. त्याची पुस्तिका कॉलेजात आली होती, मला पक्कं आठवत होतं, कारण टपाल मीच फोडायचे. पण लायब्ररीत सापडेना, रजिस्टरला नोंद नाही. दोन दिवस शोधली. तिसऱ्या दिवशी ऑफिस झाडताना दिसली. भाऊसाहेबांच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याच्याखाली घडी घालून सरकवलेली!

मी ओढली. टेबल कललं, भाऊसाहेबांचा चहा फायलींवर.

"मावशी! काय काढलंत ते?"

"कायदा!"

पुस्तिका इंग्रजीत. मी शब्दकोश घेऊन एकेका ओळीशी आठवडाभर झटत होते. एका ओळीत तीन शब्द अडायचे. शेवटी बापूला दिली. त्यानं पायरीवर बसून, एक कप चहा संपायच्या आत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली आणि वर म्हणतो, "मावशी, सोप्पं तर हाय!" असा राग आला मला त्याचा! पाय नसतील, पण इंग्रजी होतं ना लेकाला!

खोली तळमजल्यावर मिळाली. पुढं पायऱ्यांच्या कडेनं सिमेंटचा उतारसुद्धा झाला. त्याचा वापर लगेच सुरू झाला. सगळ्या प्राध्यापकांच्या स्कूटरी त्याच्यावरून चढून व्हरांड्यात सावलीला उभ्या राहायला लागल्या! बापू खाली कुबड्यांवर ताटकळत. वर जायला वाट नाही. प्राचार्य आपली स्कूटर चढवून स्टँडवर लावत होते, तेव्हा त्यानं मोठ्या अदबीनं विचारलं,

"सर, हिचं अपंगाचं सर्टिफिकेट किती टक्क्यांचं हाय?"

*

सर्टिफिकेटवरून आठवलं. सवलतीसाठी भाऊसाहेब बापूकडं दरवर्षी नवं सर्टिफिकेट मागायचे. म्हणजे परत एसटीनं पुण्याचा सरकारी दवाखाना, परत रांग, परत डॉक्टर तेच पाय बघणार. एकदा बापू कावला.

"भाऊसाहेब, गेल्या वर्षीचं दिलंय की."

"या वर्षीचं लागतं बाबा. काही फरक पडला असला तर?"

"पाय उगवला तर पयला तुमच्या टेबलाला लावीन!"

सगळं ऑफिस हसलं. मी पण हसले. पण खरं सांगू? मला त्या कागदाचाही हेवा वाटला. त्याचं काय गेलंय ते डॉक्टरनं टक्क्यांत मोजून, शिक्का मारून लिहून दिलं होतं. माझं काय गेलं ते कुणी कधी मोजलंच नाही.

*

अंध विद्यार्थ्याला तीन तासांवर अर्धा तास जास्तीचा मिळायचा. हे नियमात होतं, पण ते घंटेला कोण सांगणार? घंटा झाली की सुपरवायझर पेपर ओढायला यायचे. त्या वर्षी दौंडचे एक सर बाहेरून सुपरव्हिजनला होते. त्यांचं अर्धं लक्ष वर्गावर आणि अर्धं घड्याळावर, कारण सव्वासहाची शटल, म्हणजे रोजची रेल्वेगाडी, चुकली की दौंडला पोचायला उशीर व्हायचा. सहाची घंटा झाली तसे ते आमच्या बाकापाशी येऊन हात पसरून उभे.

"चला, द्या पेपर."

"सर, आजून अर्धा तास हाय," सुनंदा म्हणाली.

"अगं बाई, माझी शटल जाईल!"

"शटलची येळ तुमी बघा. माझी मी बघती."

मी भाऊसाहेबांना हाक मारली. टेबल डुगडुगायला लागल्यापासून भाऊसाहेबांना कायदा चांगला आठवायचा. ते म्हणाले, "थांबावं लागेल सर." दौंडचे सर खुर्चीत बसले आणि गुडघा हलवायला लागले.

आता गंमत ऐका. सुनंदाचं राहिलेलं उत्तर पाच मिनिटांत संपलं.

मी हळूच विचारलं, "झालं?"

"झालं."

"मग उठ की."

"न्हाई उठायचं."

"अगं, लिहायचं काय आता?"

"काय न्हाई. गप बसायचं. मावशी, आपला अर्धा तास हाय त्यो. आज सोडला तर पुढच्या बारीला म्हणतील, हिला लागतच न्हाई."

आणि पोरगी हातावर हात ठेवून बसली. पंचवीस मिनिटं! मध्येच शटलचा भोंगा वाजला. दौंडचे सर खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. सुनंदानं मान तिरकी केली, आवाज लांब जाईपर्यंत ऐकला आणि विचारलं,

"गेली का वो सर?"

मी त्या पंचवीस मिनिटांत दुसऱ्याच वर्गात होते. पाचवीच्या दारातनं मला घरी बोलावलं, तेव्हा एवढी अक्कल मला कुणी दिली असती तर! मीही हातावर हात ठेवून तिथंच बसले असते. माझी जागा होती ती, आणि मी शहाण्या मुलीसारखी उठून आले. ही उठत नव्हती. त्या दिवसाइतका हेवा मला तिचा आधी कधी वाटला नव्हता.

*

ब्रेलची पुस्तकं आमच्याकडं कुठली यायला! मी मोठ्यानं वाचायचे आणि सुनंदा टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायची. कॅसेटी कोऱ्या नव्हत्या, तिच्या भावाच्या लग्नातल्या होत्या. त्यामुळं फ्रान्समधली राज्यक्रांती संपायच्या आत एकदम बँड सुरू व्हायचा! माझ्या घरी भरलेल्या कॅसेटींत तर कुकरच्या शिट्ट्या, कोंबडा, दारावरचा भंगारवाला, सगळे इतिहासात सामील. पण सुनंदाची स्मरणशक्ती अशी, की दोनदा ऐकलं की पाठ. अगदी जसंच्या तसं.

परीक्षेत ती सांगायला लागली, "राजाने जनतेवर जबर कर लादले. दरबाराचा खर्च मात्र वाढतच होता. हा राजा अगदीच बावळट दिसतोय."

माझं पेन थांबलं. "सुनंदे, हे पुस्तकात न्हाई."

"कॅसेटीत हाय."

"ते मी म्हणाले होते गं! वाचता वाचता तोंडातनं गेलं!"

तिनं विचारलं, "पण खरं हाय ना?"

आता रायटरनं बोलायचं नसतं. एवढं बोलले तेच जास्त झालं होतं. मी मुकाट्यानं लिहिलं, 'हा राजा अगदीच बावळट दिसतो.'

त्या पेपरला वर्गात सगळ्यात जास्त मार्क सुनंदाला पडले. प्राध्यापकांनी तिला उभं करून टाळ्या वाजवल्या. मी मागं कपाट पुसत होते. त्या टाळ्यांतल्या माझ्या मताला किती, ते कुठल्या गुणपत्रिकेत येत नाही!

*

मग मनीषा आली. अकरावीतली पोरगी, दोन वेण्या, अक्षर छापल्यासारखं. एक मॅडम तिला घेऊन आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, आता या वर्षीच्या राहिलेल्या दोन पेपरांना ही लिहील. तुम्हाला उगीच त्रास नको."

त्रास! त्या दोन पेपरांना मला लायब्ररीत बसवेना. फडकं घेऊन परीक्षेच्या खोलीच्या खिडक्या पुसायला गेले. आतून मनीषाच्या पेनाचा आवाज येत होता. काय भरभर लिहीत होती भवानी! मी एकच काच तीनदा पुसली.

"मावशी," आतून सुपरवायझर म्हणाले, "काच झिजेल हो!"

निकाल लागला. मनीषानं लिहिलेल्या दोन्ही पेपरांत माझ्या पेपरांपेक्षा आठ-आठ मार्क जास्त! मी सुनंदाशी बोलायचंच सोडलं. तिनं हाक मारली की पुस्तकांच्या मागं जाऊन उभी राहायचे. अंध पोरीपासून लपायला पुस्तकांच्या मागं! इतकी अक्कल गेली होती माझी. पाचव्या दिवशी ती काठी टेकत बरोबर मी होते त्याच कपाटापाशी आली.

"मावशी, शेवटच्या वर्षाला तुमीच लिहायचं."

"का गं? मनीषाला आठ मार्क जास्त पडतात की!"

"ती पेपरं सोपी होती. सोप्या पेपराला मनीषा चालती. जांभया देत लिहिती, तिला माझं काय पडलेलं नसतं. अवघड पेपराला तुमी लागता."

"माझं असं काय लागतंय?"

"शेजारी बसून कुणीतरी माझ्यावर जळतंय, हे कळलं की मला जोर येतो."

तोंडावर सांगितलं पोरीनं! आणि मी तरी नाही कसं म्हणणार?

*

आता एकच सांगते आणि थांबते.

सुनंदाचं शेवटचं वर्ष, शेवटचा पेपर, राज्यशास्त्र. पेपर दुपारी तीनला. एक वाजता मला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. आत प्राचार्य, भाऊसाहेब, भिंतीकडच्या बाकावर सुनंदा, आणि पाहुण्यांच्या खुर्चीत दौंडचे सर. त्या वर्षी ते सीनियर सुपरवायझर होऊन आले होते. हातात एक अर्ज. अर्ज त्यांचाच, माझ्याविरुद्ध.

"ही बाई चौथी पास असूच शकत नाही," ते प्राचार्यांना म्हणाले. "परवा प्रश्नपत्रिकेतली छपाईची चूक हिनं मला काढून दाखवली. मला! वर तो इंग्रजी शब्द कसा पाहिजे तेही सांगितलं. अशी बाई रायटर म्हणून कशी चालेल?"

"नियमात शिक्षण कमी पाहिजे असं लिहिलंय सर," मी म्हणाले. "अक्कल कमी पाहिजे असं न्हाई लिहिलेलं."

"ते विद्यापीठ ठरवेल. तोपर्यंत हिचे सगळे पेपर राखून ठेवावे लागतील."

राखून म्हणजे निकाल नाही. आणि निकाल नाही म्हणजे मांडवगणात नापासच. खाली झाडाखाली सुनंदाचा भाऊ मोटारसायकल घेऊन येऊन थांबला होता. शेवटचा पेपर म्हणून न्यायला आलेला. सुनंदाचे दोन्ही हात काठीवर आवळलेले मला दिसत होते.

भाऊसाहेबांनी माझा शाळेचा दाखला काढून पुढं ठेवला. दौंडच्या सरांनी तो पुढून बघितला, मागून बघितला, उजेडाला धरून बघितला.

"दाखला चौथीचाच आहे. पण मी खात्री करून घेणार." ते माझ्याकडं वळले. "सांगा बाई. मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं, यांत फरक काय?"



मला उत्तर येत होतं. नुसतं येत नव्हतं, घोटलेलं होतं. सुनंदाला समजावं म्हणून मी त्याच्यावर दोन दिवस घालवले होते. पण तेवढंच नाही. चौथीनंतर पहिल्यांदा कुणीतरी खुर्चीत नीट बसून, माझ्याकडं बघून, माझी परीक्षा घेत होतं! पांढरे केस झाले तोवर मी या प्रश्नाची वाट बघितली होती. आणि तो आला तेव्हा मला नापास व्हायचं होतं.

"मला काय ठावं सायेब," मी म्हणाले. "मी अडाणी बाई."

भाऊसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

दौंडचे सर सुनंदाकडं वळले. "आणि तू? तुला येतंय का?"

सुनंदा उभी राहिली. "हक्क मोडला तर कोर्टात जाता येतं. तत्त्वांसाठी जाता येत नाही." मग ती सावकाश म्हणाली, "हक्क म्हणजे दार वाजवता येतं. तत्त्व म्हणजे दार कधी उघडतंय ते बघत ओट्यावर बसायचं."

"वा!" सर खुर्चीत पुढं सरकले. "हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं न्हाई सर."

"मग? तुझं स्वतःचं?"

ते वाक्य माझं होतं. जात्यावर बसून सुचलेलं, माझं. सुनंदानं तोंड माझ्या दिशेला फिरवलं. मी श्वाससुद्धा घेतला नाही.

"व्हय," ती म्हणाली. "माझंच."

"शाबास! स्वतःच्या डोक्यानं विचार करणारी मुलं हल्ली राहिलीत कुठं, सर?" प्राचार्यांनी मान डोलावली. मला वाटलं, टेबलावरचा पेपरवेट उचलावा आणि काहीतरी फोडावं. काय ते ठरेना.

दौंडच्या सरांनी अर्जाच्या खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली. 'लेखनिक महिला अडाणी असल्याची समक्ष खात्री केली.' मग कागद माझ्याकडं फिरवला आणि पेन पुढं केलं. "करा सही."

मी पेन घेतलं. माझी सही चांगली आहे. लायब्ररीच्या रजिस्टरवर हजार वेळा करून करून वकिलासारखी झालेली. मी ती ओळ एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. उत्तर गिळलं, वाक्य दिलं, तिथवर ठीक. पण त्या शब्दाखाली माझी सही? मेले तरी नाही!

पेन खाली ठेवलं. "भाऊसाहेब, शाईचं पॅड द्या."

"मावशी, अहो तुम्ही तर..."

"द्या म्हणते ना!"

भाऊसाहेबांनी पॅड सरकवलं. मी अंगठा बुडवला आणि त्या ओळीखाली दाबला. दौंडच्या सरांचा चेहरा एकदम खुलला.

"अंगठा होय! हे आधी सांगितलं असतं तर एवढं सगळं झालंच नसतं. घ्या, पेपर लिहा!"

अंगठा देणारी बाई आता साडेतीन तास बी.ए.चा पेपर लिहिणार होती, हे त्या केबिनमधल्या दोन्ही एम.ए.वाल्यांच्या ध्यानात आलं नाही! भाऊसाहेबांच्या आलं. ते खोकत खोकत बाहेर गेले.

तीनला घंटा झाली. नळावर हात धुतला होता, पण ती शाई कुठली जायला! उत्तरपत्रिका पुढं ओढली तर पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीवर अंगठा उमटला. जांभळा.

मी तशीच बसून राहिले.

"काय झालं?" सुनंदा म्हणाली.

"पानावर डाग पडला."

"केवढा?"

"अंगठ्याएवढा."

तिनं हात पुढं केला. मी तिचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. तिनं बराच वेळ तिथं बोट फिरवलं. मागं पंखा करकरत होता, पोरांच्या पानांचा आवाज येत होता.

"मावशी," ती म्हणाली, "त्याच्यावरनंच लिहा."